पायांनी राखलेली वाट

रविवारी उजाडायच्या आधी टेकडी चढणाऱ्या पावलांना एक निराळा नाद असतो. डांबरी रस्त्यावर पाऊल आपटतं आणि विसरून जातं. इथे ते मुरमावर करकरतं, वाळल्या पानांत चुरचुरतं, दवानं भिजलेल्या मातीत मुकं होतं आणि लगेच काळ्या कातळावर पुन्हा बोलू लागतं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर आम्ही काही जण असे धावायला जमतो. नाव नोंदवायचं नाही, छातीवर आकडा लावायचा नाही. ‘उद्या येताय ना?’ एवढ्यावर सगळं ठरतं.

पावसाळा सरलेला असतो. गिरिपुष्पाच्या दाटीतून निघालेली वाट माथ्याकडे वळली की झाडी विरळ होते, आभाळ एकदम मोकळं होतं, एका अंगाला पाषाण आणि दुसऱ्या अंगाला कोथरूड धुक्याच्या सायीखाली निजलेलं दिसतं, दगडखाणीकडून मोराची आर्त हाक येते, पिवळ्या पडत चाललेल्या गवताच्या टोकाटोकावर उजेड उतरू लागतो आणि छातीतली धडधड, श्वास, वारा यांतलं आपलं कोणतं आणि टेकडीचं कोणतं, ते कळेनासं होतं.

मग वाट उतरू लागते.

उतारावर पुढचा ओरडतो, ‘सांभाळून, दगड!’ तो शब्द मागचा उचलतो, त्याच्या मागच्याला देतो, आणि असा हातोहात तो ओळीच्या टोकापर्यंत जातो. यातल्या कितीतरी जणांची नावं मला ठाऊक नाहीत. कुणाचं पाऊल कसं पडतं, चढावर कुणाचा श्वास कसा वाजतो, ते मात्र न बघता ओळखता येतं. फाटा आला की सगळे थांबतात. ‘काका आले का?’ ‘येताहेत, दिसले.’ सर्वांत मागचे काका संथ लयीत येतात, गुडघ्यांवर हात टेकून दोन श्वास घेतात, हसतात. ते ‘चला’ म्हणेपर्यंत कुणी हलत नाही.

या थांबण्यात मी मोज्यांत रुतलेली कुसळं काढते. एकदा त्यातलं एक तळहातावर घेऊन निरखलं. पुढे सुईसारखी टोकदार बी, मागे दोरासारखी पिळलेली लांब काळपट शेपटी. माझ्या हाताच्या घामाची ओल लागली आणि तो पीळ सावकाश उलगडू लागला, ते एवढंसं कुसळ आपल्याआपण फिरलं. ओल लागली की उलगडायचं, सुकलं की पुन्हा पिळायचं. हे करता करता बी मातीत शिरते. डोंगरभर पसरलेलं हे गवत असं वळून वळून जमिनीत गेलेलं. आणि त्यातलं थोडं आमच्या पायांनी इकडचं तिकडे नेलेलं!

खालचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याला आमच्या येण्याजाण्याचं काय? पण त्यावरची ही हातभर रुंदीची वाट माणसांची आहे. ती कुणी आखली नाही, बांधली नाही. गुरांमागून गेलेली, गवताचे भारे वाहणारी, वेताळाला नारळ घेऊन आलेली, पहाटे काठी टेकत चढलेली, अशा असंख्य पावलांनी ती उमटली. आणि एक पावसाळा कुणी फिरकलं नाही, तर गवत तिला मिटवून टाकील.

धावताना मला हे फार जाणवतं. मी ज्यावर पाऊल टाकते ती जागा माझ्या आधी येऊन गेलेल्या कुणीतरी माझ्यासाठी मोकळी ठेवलेली असते. ते ऋण फेडायची रीत एकच: आपणही यायचं, मागच्यासाठी थांबायचं, आणि आपल्या वाट्याचं पाऊल त्या वाटेवर टाकून जायचं.