देणं कोरझोकचं

लडाखच्या चांगथांग पठारावर त्सो मोरीरी नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठी, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर, कोरझोक हे गाव आहे. तिथे मी पाहुणी म्हणून राहून आले, त्याला बरीच वर्षं झाली. लडाख तेव्हा केंद्रशासित प्रदेश झाला नव्हता. त्या सरोवराच्या निळाईबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते तिथे जाण्याच्या तयारीबद्दल, कारण ती तयारी माझी एकटीची नव्हती. पुण्यापासून कोरझोकपर्यंतच्या माणसांनी ती माझ्या पदरात घातली, आणि त्यांतल्या कुणाचंही देणं पैशांत फिटणारं नाही.

पहिलं ऋण सरांचं. सर आम्हाला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि हिवाळ्यात एसटीने भिगवणला न्यायचे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. सगळे जायचे रोहित पक्षी बघायला. सर मात्र दुर्बीण पलीकडच्या काठावर रोखून म्हणायचे, ‘‘ते बघा, पट्टकादंब.’’ फिकट राखाडी अंगाचे हंस, पांढरं डोकं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हे पाहुणे हिवाळा आपल्याकडे काढतात आणि उन्हाळ्यात हिमालय ओलांडून लडाख, तिबेट, मंगोलियाकडे परततात. त्यांची पिल्लं तिकडची. पुढे या हंसांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा सात हजार मीटरच्याही वर त्यांचं उड्डाण नोंदलं गेलं. सरांना तो आकडा तेव्हा ठाऊक नव्हता. ते एवढंच म्हणायचे, ‘‘दर वर्षी ते आपल्याकडे येतात. आपण त्यांच्याकडे कधी जायचं?’’

हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. जायचं नक्की केलं तेव्हा सर निवृत्त झाले होते, गुडघ्यांनी साथ सोडली होती. मी नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी माझ्या सुट्टीचा विषय बाजूला सारला. ‘‘तुला रजा कधी मिळते ते नंतर बघ. पिल्लं पाण्यावर कधी उतरतात ते आधी बघ.’’ म्हणून तारखा ठरल्या जुलैतल्या. सरांनी सांगितलं, की काठावरची दलदल हीच पक्ष्यांची खरी वस्ती. काळ्या मानेचा क्रौंच तिथेच घरटं करतो, माणसाची चाहूल लागली की अंड्यांवरून उठतो, आणि तेवढ्या वेळात मोकाट कुत्रं घरट्याशी पोचतं. ‘‘दुर्बीण कशासाठी असते? लांब राहण्यासाठी.’’ आपली दुर्बीण त्यांनी माझ्या हातात दिली. तिचा पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने शिवला होता, जाड दोऱ्याने.

दुसरं ऋण आमच्या इमारतीतल्या डॉक्टर वहिनींचं. एका टूर कंपनीचा छापील आराखडा माझ्याकडे होता. त्यात विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी एक खिंड आणि तिसऱ्या दिवशी थेट कोरझोक असं आखलेलं होतं. वहिनींनी तो वाचला, पेन घेतलं आणि सरळ काट मारली. मग औषधांच्या चिठ्ठीमागे एक जिना काढला. पहिल्या पायरीवर लिहिलं लेह, 3,500 मीटर. शेवटच्या पायरीवर कोरझोक, 4,500. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा साधा नियम. कोरझोकला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांहूनही कमी असतो, श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात. शरीराला त्याची सवय होते, पण ते आपल्या वेळेने होते. म्हणून लेहला निवांत पडून राहायचं, पाणी पीत राहायचं, वाटेत चुमाथांगला मुक्काम करायचा आणि मगच पुढे. गोळ्या त्यांनी माझी प्रकृती तपासून लिहून दिल्या आणि बजावलं, ‘‘डोकं दुखायला लागलं तर वर चढायचं नाही. थांबूनही वाढलं तर खाली उतरायचं. गोळीच्या भरवशावर जीव टांगायचा नाही.’’ तपासणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘‘धडधाकट परत ये, तीच फी.’’

लेहमध्ये ही सगळी तयारी आचो-लेंच्या हाती गेली. आचो म्हणजे थोरला भाऊ, ले हे आदराचं. गाडी चालवणाऱ्या त्या पन्नाशीच्या गृहस्थांना सगळे तसंच हाक मारत, मीही मारू लागले. त्या काळी सीमेजवळच्या त्या भागात जायला भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागायचं. लेहच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून ते निघालं, तसे आचो-ले मला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर त्याची एकेक प्रत द्यावी लागायची. पेट्रोल कारूला भरायचं, पुढे भरवसा नाही. निघायचं पहाटे, कारण दुपारच्या उन्हाने बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा रस्ता अडवून बसतो. हे सगळं त्यांनी तोंडपाठ सांगितलं. नंतर त्यांनी जे केलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मला लेहच्या भाजीबाजारात घेऊन गेले. कोबी, बटाटे, कांदे, टोमॅटो त्यांनी स्वतः निवडून पोत्यात भरले. कोरझोकला थोडं जव, थोडा वाटाणा पिकतो. जगातल्या सर्वांत उंचावरच्या शेतांत त्या वावरांची गणना होते, पण हिरवी भाजी तिथे उगवत नाही म्हटलं तरी चालेल. ‘‘चॉकलेटं नकोत,’’ ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, ‘‘त्याचे कागद मागे राहतात. कोबीचं काही मागे राहत नाही.’’ आणखी एक सांगितलं, ‘‘त्या घरात आंघोळीसाठी गरम पाणी मागू नका.’’ कारण विचारलं, तर म्हणाले, तिथे गेल्यावर कळेल.

वाट उपशीपासून सिंधूच्या काठाने जाते. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, जांभळे, तांबूस, कुठे गंधकासारखे पिवळे. चुमाथांगला नदीकाठीच गरम पाण्याचे झरे फुटतात. तिथली रात्र वहिनींच्या जिन्यातली पायरी होती, आणि मला ती मानवली. सकाळी माहेचा पूल ओलांडला, सिंधू मागे राहिली, सुमदोवरून नामशांग खिंड चढलो, क्यागर त्सो नावाचं लहान सरोवर लागलं, कियांग म्हणजे तिकडची रानगाढवं दिसली. आणि मग त्सो मोरीरी. उत्तर-दक्षिण पंचवीस किलोमीटरहून लांब, बाहेर जायला वाट नसलेलं, म्हणून किंचित खारट झालेलं पाणी. आचो-लेंनी गाडी काठापासून लांब, गावातल्या मोकळ्या जागेत उभी केली. तंबूंच्या छावणीकडे न जाता पोतं खांद्यावर टाकलं आणि मला एका घरी नेलं.

त्या घरच्या आमा-ले, म्हणजे आई, हे माझं सगळ्यात मोठं ऋण. साठीच्या, सुरकुतल्या चेहऱ्याच्या, पायांना क्षणाची उसंत नसलेल्या. त्यांना हिंदी येत नव्हतं. लेहला शिकणारी मुलगी सुट्टीला घरी आली होती, तिच्या तोंडून आमचं बोलणं चाले. भाजीचं पोतं उघडून त्यांनी कोबीचा गड्डा दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि हसल्या. स्वयंपाकघराच्या मधोमध लोखंडी चूल, भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली पितळेची भांडी. गुरगुर नावाच्या उभ्या लाकडी नळकांड्यात मीठ आणि लोणी घालून त्या चहा घुसळायला बसल्या.

चुलीशेजारी दोन पोती होती. एकात याकचं शेण, थापलेलं नव्हे, कुरणात पडलं तसंच वाळलेलं. दुसऱ्यात शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या. आमा-ले आधी शेणाचे तुकडे रचत, पेटले की वरून लेंड्यांची एकच ओंजळ सोडत, आणि त्या ओंजळीतून चार लेंड्या परत पोत्यात टाकत. किती धग हवी याचा अंदाज त्यांच्या बोटांत होता. मुलीने सांगितलं, की आसपास एकही झाड नाही. हे इंधन शरद ऋतूत कुरणांतून वेचून, पाठीवर वाहून आणायचं आणि सरोवर गोठलेलं असतं तो सगळा हिवाळा पुरवायचं. संध्याकाळी वारा सुटला, मी शाल घट्ट ओढून बसले होते. आमा-लेंनी माझ्याकडे पाहिलं, पोत्यात हात घातला आणि अख्खी ओंजळ चुलीत सोडली. या वेळी परत काही टाकलं नाही. गरम पाणी का मागायचं नाही, ते मला तेव्हा कळलं. घराचं ठरलेलं भाडं मी दिलं, त्या ओंजळीची किंमत त्यात धरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर वरच्या कुरणातून शेळ्या घेऊन उतरले. ते चांगपा, याकच्या केसांच्या तंबूत राहून कळपामागे फिरणारे. एका शेळीला आडवं पाडून, पाय बांधून, लांब दातांच्या लोखंडी फणीने ते तिची लव विंचरू लागले. राठ केसांखालून निघणारा तो मऊ पुंजका म्हणजे पश्मिना. एका शेळीपासून वर्षाला मूठ-दोन मुठीच निघतो. ज्या शेळीने ही ऊब दिली तिच्याच लेंड्यांवर आमचा चहा उकळत होता. त्या घरात वाया जाण्यासारखं काही नव्हतंच. कोरड्या संडासात पाण्याऐवजी माती आणि राख टाकायची, खालचं खत जवाच्या वावरात जायचं.

मी दिवसभर सरांच्या दुर्बिणीतून लांबूनच पट्टकादंब पाहिले, मागे पिल्लांची रांग घेऊन पोहणारे. त्या काठाची राखण गाव करतं. 2000 साली कोरझोकच्या लोकांनी हे सरोवर सजीव सृष्टीसाठी पवित्र देणगी म्हणून जाहीर केलं. पुढे 2002 मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचं नाव आलं. ज्यांच्याकडे चुलीपुरतंही लाकूड नाही त्यांनी जगाला सरोवर दिलं. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात जे हंस आपण हौसेने बघतो, त्यांचं माहेर या लोकांनी सांभाळलं आहे. म्हणजे कोरझोकचं देणं माझ्या एकटीवर नाही, आपल्या सगळ्यांवर आहे.

निघताना मी आमा-लेंना विचारलं, पुण्याहून काय पाठवू? मुलीने विचारून सांगितलं, ‘‘वस्तू नकोत म्हणते. माणसं पाठवा म्हणते, पण मुक्कामाला. दुपारी येतात, पाण्याशी गाडी नेतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांची धूळ आणि बाटल्या तेवढ्या आमच्याकडे राहतात. रात्र राहिली तर घरात चार पैसे येतात, आणि माणूस ओळखीचं होतं.’’

तेव्हापासून माझा एक नेम आहे. लडाखला निघालेलं कुणी माझ्याकडे माहिती मागायला आलं, की मी बसवून घेते आणि जे मला मिळालं ते जसंच्या तसं देते. सरांसारखी आधी पक्ष्यांची तारीख विचारते. वहिनींचा जिना कागदावर काढून देते, आणि आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका म्हणते. गाडी तिथल्याच माणसाची करा, त्याचं ऐका. भाजीला पोत्यात जागा ठेवा. आपला कचरा लेहपर्यंत परत आणा. दलदलीत पाय घालू नका. माणसाचा फोटो विचारून काढा. काही जणांना एवढं ऐकून त्रास वाटतो. ते दुसरीकडे जातात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

यंदा माझी भाची निघाली आहे, मैत्रिणींबरोबर. तिच्या कार्यक्रमात कोरझोकला दुपारचे तीन तास होते. मी त्यावर काट मारली आणि लिहिलं, मुक्काम. ती म्हणाली, ‘‘मावशी, मग दुसरं एखादं ठिकाण गाळावं लागेल.’’ मी म्हटलं, ‘‘गाळ.’’ तिने गाळलं.