पोटोबाची मुंबई

दोस्तांनो, मुंबईला आलात तर राणीची बाग जरूर बघा, पण पोटात जागा ठेवून!

धोबीतलावला १९०४ सालचं 'कयानी' हे इराणी हॉटेल आहे. कडक ब्रून पाव, त्यावर मस्का. चहात बुडवला की अहाहा! माटुंगा स्टेशनजवळ १९३९ सालचं 'राम आश्रय'. तिथे सकाळी सकाळी वाफाळती इडली नि घरच्यांसाठी फिल्टर कॉफी. दादरच्या 'आस्वाद'मध्ये झणझणीत मिसळ.

इराणी आले इराणातून, उडुपीवाले कर्नाटकातून. पोट भरायला आले आणि मुंबईचंच पोट भरू लागले!

पण इराणी हॉटेलं एकेक करून बंद पडताहेत. म्हणून यंदा वाढदिवसाला पिझ्झा नको. आईबाबांना सांगा, "चला, इराण्याकडे!"