पाचशे रुपये आणि एक तारीख

पाचशे रुपये! खेड्यातल्या चार माणसांच्या घराला वर्षभरासाठी पाचशे, आणि त्यावर पाच लाखांपर्यंतचे उपचार! कर्नाटकातल्या सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीची ही यशस्विनी आरोग्य योजना कळल्यापासून मला राहवतच नाही. औरादच्या बसस्टँडवर कुणी ओळखीचा दिसला की मी आधी हेच विचारतो, "सोसायटीचे मेंबर आहात ना? मग यशस्विनी काढली का?"

साठी जवळ आली तशी मला दवाखान्याची काळजी लागली होती. नोकरदाराला निवृत्तीची तारीख कागदावर मिळते, शेतकऱ्याला ती गुडघे सांगतात. खासगी पॉलिसीची चौकशी केली. नवी पॉलिसी घ्यायला असलेली पासष्टीची वयोमर्यादा एप्रिल 2024 पासून गेली, हे चांगलंच झालं; पण या वयातला हप्ता परवडेना, आणि अंगात आधीच असलेल्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायची अट वेगळीच. सरकारी योजना पाहिल्या. 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक'मध्ये बीपीएल कार्डाच्या घराला वर्षाला पाच लाख आहेत. आमच्यासारख्या एपीएलवाल्यांना मात्र पॅकेजच्या 30 टक्केच, तेही दीड लाखापर्यंत. केंद्राने 29 ऑक्टोबर 2024 ला आणलेलं वय वंदना कार्ड सत्तरीनंतरचं. मग साठ ते सत्तर? शरीर कुरकुरायला लागतं नेमक्या त्या दहा वर्षांचं काय?

त्याचं उत्तर, म्हणजे यशस्विनीची माहिती, आमच्याच सोसायटीच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं! पीक कर्जाच्या कामाला गेलो होतो. खताच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी टेबल, त्यावर शाईचं पॅड आणि फॉर्मचा गठ्ठा. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. रेशन कार्डाची झेरॉक्स, सगळ्यांचे आधार, फोटो. घरात चौघांपेक्षा जास्त माणसं असली तर दर माणशी आणखी शंभर. शहरी सभासदाला चौघांचे हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांची वर्गणी सरकारच भरतं. आणि आई-वडीलही कुटुंबात धरतात! आई, आम्ही दोघं आणि मुलगा, चौघं एकाच फॉर्मवर बसलो.

या योजनेची कहाणीही केवढी! 2003 साली ही सुरू झाली. डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना सहकारी संस्थांच्या जाळ्यावर उभी राहिली, आणि तेव्हा वर्गणी होती माणशी महिन्याला पाच रुपये. 2018 मध्ये ती आरोग्य कर्नाटकात विलीन झाली. नोव्हेंबर 2022 पासून पुन्हा नोंदणी सुरू झाली आणि 1 जानेवारी 2023 पासून उपचारही. आपल्या बिदर जिल्ह्यात तर गावोगाव सोसायट्या आणि बचत गट आहेतच, म्हणजे दार घराजवळच आहे!

पण ते दार बारा महिने उघडं नसतं. नोंदणीला मुदत असते, आणि ती दरवर्षी नव्याने. कधी मुदत वाढते, पण वाढेलच असं धरून बसू नका. छातीत कळ आल्यावर फॉर्म भरता येत नाही. नियम कडक वाटला तरी त्यामागचा हिशेब सरळ आहे: धडधाकट असताना सगळ्यांनी थोडं थोडं टाकलं, तरच आजाऱ्याला मोठी रक्कम मिळते. आजार झाल्यावरच जो तो आला, तर पाचशे रुपयांत कुणाचंच भागणार नाही. म्हणूनच साठीच्या अलीकडे असलेल्यांनी आधी पळायचं!

आणखी एक आनंदाची गोष्ट. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 मराठीबहुल गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाने त्याला हरकत घेतली, तो दोन सरकारांमधला प्रश्न. पण आपलं गाव त्या यादीत आहे का आणि कागद कोणते लागतात, हे आजच विचारून ठेवा. उपचाराला उदगीर-लातूरकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

म्हणून सांगतो, सोसायटीचे मेंबर नसाल तर आत्ताच व्हा. ऐन मुदतीत होऊन भागेलच असं नाही. आधार कार्डावरचं आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का बघा. यशस्विनीत कोणते उपचार बसतात आणि बिदरचे कोणते दवाखाने आहेत, ती यादी सेक्रेटरींकडे मागून वाचा. भरती व्हायच्या आधी काउंटरवर यशस्विनीचं कार्ड दाखवा, कारण मंजुरी दवाखान्याने मागवायची असते. पावती जपून ठेवा. आणि नोंदणीची तारीख कळली की शेजारच्या घरीही सांगा. विशेषतः ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत आणि मुलं पुण्या-हैदराबादला, तिथे स्वतः फॉर्म घेऊन जा!