दुसरा मुक्काम

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला पहिला मुक्काम सहसा ठरवावा लागत नाही. काशीयात्रेला निघालेला काशीलाच उतरतो, तसा इटलीला जाणारा रोमला उतरतो. अडते ते पुढे. दुसरा मुक्काम कोणता, हा प्रश्न आला की घरातल्या प्रत्येकाचा खरा स्वभाव बाहेर पडतो, आणि लग्नाला वीस वर्षे झालेल्या नवराबायकोलाही एकमेकांची नव्याने ओळख होते.

आमच्या घरी गेले चार महिने हेच चालले आहे. पतपेढीत थेंबे थेंबे साठवलेले पैसे आणि शाळेची दिवाळीची सुटी, एवढ्या भांडवलावर आम्ही तिघे निघणार. रोमला चार रात्री. उरलेल्या पाच कुठे काढायच्या? व्हिसाच्या अर्जाबरोबर मुक्कामाचे पत्ते द्यावे लागतात. त्यामुळे 'तिथे गेल्यावर बघू' हे आमच्या घराण्याचे ब्रीद या वेळी कामाचे नव्हते.

यांचे मत व्हेनिसला. "इटलीला जाऊन व्हेनिस पाहिलं नाही, तर लोक काय म्हणतील?" मी म्हटले, शरदात तिथे समुद्राला उधाण येते. 2019 सालच्या 12 नोव्हेंबरला पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढले होते. यावर यांचे उत्तर तयार. खाडीच्या मुखाशी बसवलेले उचलते दरवाजे 2020 सालापासून उधाणाला अडवू लागले आहेत, ही माहिती त्यांनी आधीच काढून ठेवली होती. एस. टी.तला माणूस, वाहतूक कुठे खोळंबते आणि कशी सुरू होते, यात त्यांना कोण हरवणार?

कन्येचे मत फ्लॉरेन्सला. ती चित्रकलेच्या परीक्षा देते. मायकेलअँजेलोचा डेव्हिड 5 मीटर 17 सेंटिमीटर उंच आहे, हे तिने जेवताना इतक्यांदा सांगितले की आमटी वाढतानाही मला तो ताटाजवळ उभा असल्यासारखा वाटू लागला. सासूबाई येणार नव्हत्या, पण म्हणून त्यांना मत नव्हते असे नाही. "जिथं पोटभर जेवण मिळेल तिथं जा," त्या म्हणाल्या. चौघांत शहाणे मत तेवढे एकच.

मी मात्र गप्प होते. माझ्या मनात जे गाव होते, त्याला प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत जागा नसते. त्याचे नाव फोर्ली.

माझ्या आजीला एकच भाऊ. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून पोरे पलटणीत गेली, तसा तोही मराठा पलटणीत भरती झाला. 1944 च्या पावसाळ्यानंतर घरी तार आली. इटलीत कामी आला, एवढेच तिच्यात होते. इटली म्हणजे कुठे, हे आजीला कळले नाही. समुद्रापलीकडे, एवढेच ती जाणत होती. पुढे पन्नासहून अधिक वर्षे भाऊबीजेच्या संध्याकाळी ती अंगणात येई आणि द्वितीयेच्या कोरीला ओवाळी. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळावे, ही आपल्याकडची रीत. ओवाळून झाले की तबक खाली ठेवताना हळूच म्हणे, "कुणी अग्नी तरी दिला असंल का रं तुला?" भाऊ गेला, हे तिने सोसले होते. पण परमुलखात, परक्यांच्या मातीत त्याचे काय झाले असेल, हा सल मात्र ती बरोबर घेऊन गेली.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मुलीने शोधले. महायुद्धात पडलेल्या सैनिकांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नावानिशी ठेवली आहे. ज्यांचे देह सापडले नाहीत, त्यांची नावे कॅसिनोच्या स्मारकावर आहेत. आजच्या रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांचेही नाव तिथेच आहे. मामाआजोबांचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. ते होते फोर्लीच्या स्मारकावर. ते स्मारक ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशा हिंदी सैनिकांचे.

म्हणजे अग्नी मिळाला होता! पावसाने फुगलेल्या त्या नद्यांच्या चिखलात, पुढे लढाई चाललेली असताना, कुणीतरी लाकडे गोळा केली होती. आईला वाचून दाखवले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज आजी हवी होती गं."

त्या रात्री मी यांना फोर्लीचे सांगितले. हे काही न बोलता उठले आणि आगगाड्यांचे वेळापत्रक घेऊन बसले. सकाळी चहाबरोबर निकाल मिळाला. "बोलोन्या. पाचही रात्री तिथंच. फोर्ली तिथून पुण्याहून लोणावळ्याइतकं लांब. फ्लॉरेन्स जलद गाडीनं चाळीस मिनिटांच्या आत. व्हेनिस दीड-पावणेदोन तास, जमलं तर जमलं."

मग मी बोलोन्याबद्दल वाचू लागले आणि त्या गावाच्या प्रेमातच पडले. तिथे रस्त्यांच्या कडेने कमानदार ओसऱ्या आहेत, एकूण 62 किलोमीटर! 2021 साली त्यांची जागतिक वारशात नोंद झाली. टेकडीवरच्या देवळापर्यंत जाणाऱ्या एकाच ओसरीला 666 कमानी. शरदातला पाऊस कोसळत असतानाही माणसाने छत्री न उघडता गावभर हिंडावे. वाटसरूसाठी एवढी ओसरी बांधून ठेवणाऱ्या गावात उतरायला परकेपणा कसला? शिवाय जेवणासाठी ते साऱ्या इटलीत नावाजलेले. सासूबाईंचेही मत राहिले.

तुम्ही म्हणाल, सहलीला जायचे आणि स्मारके कसली पाहायची? पण रोम आम्ही सगळ्यांसाठी पाहणार आहोत. फोटो दाखवू, वर्णने करू. दुसरा मुक्काम घरच्यांसाठी असावा.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमची बांधाबांध चालू असेल. भाऊबीजेला आम्ही फोर्लीत असू. आईने तिच्या आईचे पितळी निरांजन दिले आहे, सोबत कापसाच्या दोन वाती आणि एक सूचना, "या वर्षी चंद्राला नको ओवाळूस. त्याचं नाव सापडलंय. तिथंच दिवा धर."