मुळांतील नत्र आणि धुरांतील नत्र

आमच्या बदनापुरास आगगाडीचें स्टेशन आहे, बाजार आहे. परंतु मराठवाड्यांतील शेतकऱ्यांच्या तोंडीं या गांवाचें नांव बसलें तें येथील कृषि संशोधन केंद्रांत निपजलेल्या तुरीमुळें. ‘बीडीएन ७११’ या वाणाचीं पहिलीं अक्षरें बदनापूरचींच होत.

तुरीचें कोवळें रोप मातीसह हलकेच उपटलें, तर मुळांवर बारीक गांठी दिसतात. हवेचे शंभरांतील सुमारें ७८ भाग नत्रवायूचे असतात. त्या गांठींतले सूक्ष्म जीव हा नत्रवायु धरून पिकास खाऊं घालतात. एवढें मोठें काम जमिनीच्या साध्या उबेंत, कसलाही गाजावाजा न होतां चालतें, याचें मला लहानपणापासून कौतुक वाटत आलें आहे. पुढें वाचनांत आलें कीं, हाच नत्रवायु कोळशाच्या भट्टींतही बांधला जातो, पण तेथें तो अन्न न होतां विष होतो. तेव्हांपासून घरांतील विजेच्या दिव्याकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

शेजारच्या बीड जिल्ह्यांत परळी वैजनाथ येथें कोळशावर चालणारें वीजकेंद्र आहे. १९७१ सालीं सुरूं झालेले तेथील पहिले संच आतां बंद झाले असून, २५० मेगावॅटचे तीन नवे संच त्यांच्या जागीं आले आहेत. अशा भट्टींत सुमारें १५०० अंशांच्या उष्णतेंत हवेंतील नत्र व प्राणवायु एकत्र येतात. कोळशाच्या अंगचा नत्रही जळतो. त्यांतून नत्राचे ऑक्साइड वायु निर्माण होतात. हे वायु श्वासनलिकेस दाह करतात, पावसांत मिसळून आम्ल बनतात, आणि उन्हांत इतर वायूंच्या संगतीनें जमिनीलगत ओझोन उत्पन्न करून दूरच्या पिकांचीं पानेंही करपवितात.

मग वीज नको काय? असें मी म्हणणार नाहीं. परीक्षेच्या दिवसांत दिवा गेला म्हणजे घरोघर काय अवस्था होते, हें विद्यार्थिमित्रांना सांगावयास नको. वीज हवीच, परंतु उपायही हातांत आहेत. पहिला उपाय हवेच्या नियमनाचा. ज्वालेच्या मुखाशीं हवा थोडी कमी द्यावयाची आणि उरलेली वरच्या भागांत सोडावयाची. ज्वाला निवळते व हे वायु पुष्कळ कमी होतात. मात्र हवा फारच तोडली तर कोळसा अर्धवट जळतो, म्हणून येथें सतत दक्षता लागते. दुसरा उपाय खर्चाचा. धुरांत अमोनिया सोडून तो उत्प्रेरकाच्या थरांतून नेला असतां, ऑक्साइडांचा पुन्हा निरुपद्रवी नत्रवायु व वाफ होते. आपल्या कोळशांत राख फार, ती त्या थरास झिजविते, ही अडचण खरी आहे.

केंद्र सरकारनें ७ डिसेंबर २०१५ रोजीं या वायूंस मर्यादा घातली. २००४ ते २०१६ या काळांत उभारलेल्या संचांस, म्हणजे परळीच्या नव्या संचांसही, धुराच्या दर घनमीटरास ३०० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. कमी भारावर चालतांना ती सतत पाळतां येत नाहीं, असें वीजकेंद्रांचें म्हणणें पडलें. आणि २०२० सालीं ती ४५० करण्यांत आली. यंत्राची अडचण मला समजते. पण परळीच्या चिमणीखालीं राहणाऱ्या मुलाची छाती भार कमी आहे कीं जास्त हें पाहून श्वास घेत नाहीं. दिवा माझ्या घरीं आणि धूर त्याच्या घरीं, ही वांटणी मला न्याय्य वाटत नाहीं.

यास्तव पालकांस व विद्यार्थ्यांस एवढीच विनंती कीं, विजेचें बिल आपण जितक्या बारकाईनें वाचतों, तितक्याच बारकाईनें धुराच्या मोजमापाचे आंकडेही मागावे व वाचावे. आजच्या विद्यार्थ्यांतून उद्यां कोणी इंजिनियर होईल, कोणी अधिकारी होईल. तुरीचें मूळ जें काम मातींत मुकाट्यानें करतें, त्याची आठवण त्यानें त्या खुर्चीवर बसतांना अवश्य ठेवावी.