नवे घर, जुना आवाज

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडपाशी इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की पलीकडच्या गावांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटतो. अशाच एका गावी तो जन्मला. पाच वर्षांचा असताना गोवराच्या आजारात त्याची दृष्टी गेली. तेव्हापासून रानाची ओळख त्याला कानांनी आणि नाकाने करून घ्यावी लागली. फाल्गुनात सागाची वाळलेली पाने पायाखाली कशी वाजतात आणि श्रावणात तीच वाट कशी मुकी होते, हे त्याला ठाऊक होते. चैत्रातल्या पहाटे आईबरोबर तो मोहफुले वेचायला जाई आणि झाड अजून दहा पावलांवर असतानाच वासावरून थांबे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ, बाबा आमटे यांच्या आनंदवनात, अंध मुलांसाठी शाळा आहे, हे पुष्कळांना माहीत असते. त्याला मात्र त्याहून दूरच्या एका शाळेत जागा मिळाली. तेथे तो सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकला. बोटांखाली पुस्तके बोलू लागली. परंतु घरचे पत्र साध्या शाईने लिहिलेले येई आणि ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे. वाचणारी माणसे मायाळू होती. तरीही घरची बातमी आधी दुसऱ्याला कळे आणि मग त्याला. वडील अंथरुणाला खिळल्याचे पत्र आले, तेव्हा वाचणारा मध्येच थांबला. त्या थांबण्यावरूनच त्याने पुढचे ओळखले. ती शांतता तो कधीच विसरला नाही.

म्हणूनच, शाळेतील संगणक ज्या दिवशी त्याच्याशी बोलला, तो दिवस त्याला सणासारखा वाटला. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. ती पडद्याकडे डोळ्यांनी पाहत नाही. संगणकाच्या मूळ प्रणालीला ती विचारते, ‘येथे काय आहे? त्याचे नाव काय? ते बटण आहे, की लिहिण्याची चौकट?’ मिळालेले उत्तर ती आवाजात बदलून ऐकवते. प्रणालीने उत्तर दिले नाही, तर स्क्रीन रीडर बिचारा मुकाच राहतो.

अशी साधने घडवणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतःच अंध होते. अमेरिकेतील टेड हेंटर मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरणारा तरुण. १९७८ मध्ये मोटारीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. पुढे तो आज्ञावली लिहिण्यास शिकला आणि १९८९ मध्ये त्याचा जॉज हा स्क्रीन रीडर तयार झाला. त्या काळी पडद्यावर केवळ अक्षरांच्या ओळी असत. मग विंडोज प्रणाली आली आणि ओळींच्या जागी चित्रे आली. डोळसांना ती सोय वाटली. अंधांच्या हातून मात्र आलेले काम निसटू लागले. विंडोजवर चालणारा जॉज १९९५ च्या जानेवारीत आला, तेव्हा कोठे त्यांना दिलासा मिळाला. तथापि जॉजची किंमत सर्वांना परवडणारी नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला आणि तो सर्वांना विनामूल्य दिला. भामरागडकडच्या या मुलाच्या कानी पडलेला पहिला यांत्रिक आवाज त्याच एनव्हीडीएतला होता.

शिक्षण पुरे झाल्यावर चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेच्या ग्रंथालयात त्याला नोकरी लागली. कोणते पुस्तक कोणी नेले, कोणी परत केले, याच्या सर्व नोंदी तो संगणकावर ठेवी. कळफलकावरील एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. तेथे बोटे टेकली, की उरलेल्या कळा त्याला शोधाव्या लागत नसत. धाकटी बहीण तिच्या शाळेतील संगणकावरून त्याला पत्र लिही. दार लोटून घेऊन तो ते एकटाच ऐके.

हे सारे सुरळीत चालले असता १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा त्या दिवसापासून थांबल्या. ग्रंथालयातील यंत्र जुने. नवी विंडोज त्याला पेलेना. नवे यंत्र घेण्याइतके पैसे शाळेपाशी नव्हते. तेव्हा दिवाळीच्या सुटीत त्यावर लिनक्सवर आधारलेली उबुंटू ही विनामूल्य प्रणाली बसवण्यात आली. शाळेच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच होता. मात्र एनव्हीडीए लिनक्सवर चालत नाही, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

सुटी संपवून तो परतला. खुर्चीवर बसून नेहमीच्या कळा दाबल्या, तरी यंत्र गप्पच. त्याला वाटले, कानातला श्रवणयंत्राचा दांडा सैल झाला असेल. तोही तपासला. काही उपयोग झाला नाही.

मुख्याध्यापक सज्जन होते. ते म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका. नोंदी दुसरे कोणी लिहील. तुम्ही नुसते सांगत जा.”

तो म्हणाला, “सर, मला आठ दिवस द्या.”

त्याच दिवशी बहिणीचे पत्र येऊन पडले होते. शेजारच्या शिक्षकांनी पडद्यावर तिचे नाव पाहिले आणि आपण होऊन विचारले, “वाचून दाखवू का?” त्याने हसून नको म्हटले.

रात्री त्याने आपल्या जुन्या वर्गमित्राला फोन केला. तो आधीपासून लिनक्सवर काम करीत असे. मित्र म्हणाला, “अरे, तुझ्या यंत्रात स्क्रीन रीडर आहेच, नुसता झोपलेला आहे. त्याचे नाव ऑर्का. ऑल्ट, सुपर आणि एस या तीन कळा एकदम दाब.” ऑर्का म्हणजे समुद्रातला एक मोठा शिकारी जलचर. जॉज म्हणजे जबडे. त्या नावाच्या चित्रपटातला शार्क मासा प्रसिद्धच आहे. पूर्वीच्या काही स्क्रीन रीडरांची नावेही अशीच जलचरांवरून पडलेली. हा थट्टेखोर प्रघात ऑर्काच्या कर्त्यांनी पुढे चालवला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या तीन कळा दाबल्या आणि यंत्र बोलले. आश्चर्य असे, की आवाज ओळखीचा होता! एनव्हीडीएला वाणी पुरवणारी ईस्पीक नावाची आज्ञावलीच ऑर्काच्याही मदतीला असते. तोच खरखरीत, नाकातून आल्यासारखा स्वर. जुना सोबती परगावी अचानक भेटावा, तसे त्याला झाले.

पण सोबती जुना असला, तरी घर नवे होते. डोळसांना ही अडचण क्षुल्लक वाटेल. काळोखात आपल्या घरी पाण्याचा माठ न चाचपडता सापडतो. दुसऱ्याच्या घरी त्याच काळोखात कपाळमोक्ष होतो. सगळा मजकूर सलग ऐकण्यासाठी पूर्वी तो इन्सर्ट आणि खालचा बाण दाबी. आता अंकांच्या भागातील अधिकची कळ दाबावी लागे. जुन्या खुणा बोटांत इतक्या मुरल्या होत्या, की मनाने एक ठरवावे आणि बोटांनी दुसरेच करावे. नवे शिकण्यापेक्षा शिकलेले विसरणेच अधिक कष्टाचे झाले. चार दिवसांत त्याने दोन वेळा नोंदवही न जपता बंद केली आणि सकाळपासूनचे काम गमावले. रात्री कपाळ दुखे, कारण दिवसभर तो शब्दाशब्दाला कान देऊन बसे.

त्यातून आवाजाची भाषा इंग्रजीच राहिली होती. मराठी मजकुरावर आला, की एक शब्द धड लागेना. बहिणीचे पत्र तसेच पडून होते.

पाचव्या दिवशी त्याच्या हातून एक चूक झाली. एनव्हीडीएमध्ये वाचण्याच्या स्थितीतून लिहिण्याच्या स्थितीत जाण्यासाठी इन्सर्ट आणि स्पेस या कळा दाबतात. सवयीने त्याने त्याच दाबल्या. ऑर्काने भलतीच खिडकी उघडली. तो चिडून ती बंद करणार, तोच कानांवर शब्द पडले. आवाज, वेग, भाषा! ती ऑर्काच्या मांडणीचीच खिडकी होती. टॅबची कळ दाबीत तो एकेक पायरी उतरला, भाषांच्या लांबलचक यादीत मराठीपर्यंत पोहोचला आणि थांबला. पुढचे वाक्य यंत्र मराठीत बोलले.

तेव्हापासून काम भराभर उलगडू लागले. मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट मांडणी दोन्ही प्रणालींत एकच, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, तेव्हा लिहिण्याची चिंता नव्हती. फक्त काही जुन्या याद्या नव्या आवाजालाही दाद देईनात. त्या कृतिदेव या टंकात लिहिलेल्या होत्या. त्या टंकात पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण यंत्राच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. स्क्रीन रीडरला तीच ऐकू येतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि म्हणून तो मजकूर कोणत्याही प्रणालीत वाचता येतो. त्या याद्या त्याने एका विद्यार्थ्याच्या मदतीने युनिकोडमध्ये उतरवून घेतल्या. आठव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, महिन्याच्या नोंदी त्याने स्वतः मुख्याध्यापकांच्या हाती दिल्या.

संध्याकाळी ग्रंथालय रिकामे झाल्यावर त्याने दार लोटून घेतले आणि बहिणीचे पत्र उघडले. धानाची कापणी चालू झाली होती. कुत्रीला चार पिल्ले झाली होती. त्यांतले एक काळे पिल्लू बहिणीने दादासाठी राखून ठेवले होते. शेवटी आईचा निरोप होता. आईला मराठी फारशी येत नाही. म्हणून तिचे माडिया बोल बहिणीने देवनागरीत जसेच्या तसे उतरवले होते. यंत्राला माडिया कोठून कळणार? त्याने अक्षरामागून अक्षर लावून, कोठे शेवटचा स्वर गिळून, ते वाक्य आपल्या नाकातल्या आवाजात म्हटले.

त्याने वरचा बाण दाबून ती ओळ पुन्हा ऐकली. मग आणखी एकदा. नंतर एफ आणि जे यांवर बोटे टेकून तो उत्तर लिहू लागला. उत्तराची पहिली ओळ माडियातच होती.