मुतखडा शोधताना

सीटी स्कॅन काढला तो मुतखड्यासाठी. खडा निघाला चार मिलिमीटरचा. भरपूर पाणी प्या, पडेल, म्हणाले. पण रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ: उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पाच मिलिमीटरची गाठ. पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा तळ येतोच, आणि दिसलं ते लिहिणं रेडिओलॉजिस्टला भागच असतं. ते लिहून मोकळे, झोप उडाली आमची!

डॉक्टरांनी आधी विचारलं, सिगारेट ओढता? पूर्वी कधी कर्करोग? दोन्हीला नाही म्हटल्यावर ते निवांत झाले. कमी जोखमीच्या माणसात सहा मिलिमीटरच्या आतल्या भरीव गाठीसाठी फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींनुसार सहसा पुन्हा स्कॅनही लागत नाही. शिवाय आपल्याकडे जुन्या, कधी कळलंही नसलेल्या क्षयाचे व्रण छातीत सापडणं नेहमीचंच.

तरी 'काढूनच टाका' असं तोंडावर आलं होतं. दक्षिण कोरियात तेच झालं. थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये त्या कर्करोगाची निदानं १९९३ च्या पंधरापट झाली. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळजवळ तेवढंच. हजारोंच्या ग्रंथी गेल्या, आयुष्यभराची गोळी मागे लागली.

उलट बाजूही आहेच. मूत्रपिंडाचे कितीतरी कर्करोग आज असेच, दुसरंच काही शोधताना, वेळेत हाती लागतात. म्हणून ती ओळ वाचायची, पण एकट्यानं मध्यरात्री मोबाइलवर नाही.

छातीचा जुना स्कॅन असेल तर आणा, म्हणालेत. गाठ तेव्हाही तेवढीच असली तर प्रश्नच मिटला. ही सकाळपासून माळ्यावरच्या फायली उपसतेय.